स्वतःच्याच मतांवर हरकत

पडायचं म्हणून उभा राहिलेला माणूस निवडून आला, तर त्याची जी गत होते ती सायकलवाल्याची झाली होती.

गल्लीतल्या चार जणांनी त्याला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं आणि नगरपालिकेच्या निवडणुकीत औषधवाल्यासमोर उभं केलं. औषधवाला वर्षानुवर्षं निवडून येत होता. त्याच्यापुढे आपली डाळ शिजणार नाही हे सायकलवाल्याला पक्कं ठाऊक होतं, आणि म्हणूनच तर तो शेवटच्या सभेत बोलून बसला, "मी निवडून आलो तर रस्त्यात आलेला एकेक ओटा पाडीन. आणि पहिला घाव घालीन तो माझ्याच दुकानाच्या ओट्यावर!" उचलली जीभ, लावली टाळ्याला. लोकांना काय, त्यांनी टाळ्या वाजवल्या.

आता त्या ओट्यावर बसायचं कोण, तर त्याचे वडील. जन्मभर सायकली दुरुस्त करून हात कापायला लागले तेव्हा म्हाताऱ्याने दुकान मुलाला दिलं, पण ओटा दिला नाही. सकाळी उशी घेऊन यायचं, ऐसपैस बसायचं आणि येणाऱ्याजाणाऱ्याच्या चाकातली हवा नुसत्या नजरेने तपासायची, हा त्यांचा दिनक्रम. ओटा गेला तर बाबा घरात भिंतीकडे तोंड करून पडतील आणि पुन्हा उठायचे नाहीत, अशी धास्ती सायकलवाल्याने घेतली होती. सभेनंतर ते त्या विषयावर अवाक्षर बोलले नव्हते. चिडले असते तर परवडलं असतं.

मोजणी झाली आणि सायकलवाला एका मताने पुढे! पण निकाल अजून पक्का नव्हता. खूण नीट नसलेल्या दहा मतपत्रिका बाजूला काढून ठेवल्या होत्या. त्या दुसऱ्या दिवशी दोन्ही उमेदवारांसमोर तपासायच्या, कोणत्या धरायच्या आणि कोणत्या बाद ते ठरवायचं, आणि मगच अधिकारीबाई निकालावर सहीशिक्का करणार. हे ऐकून सायकलवाल्याच्या जिवात जीव आला. दहा मतं म्हणजे हरायला भरपूर वाव होता.

"काहीही करा, पण पडून या," निघताना बायकोने बजावलं.

तपासणीच्या खोलीत कागद उडतील म्हणून पंखा बंद होता आणि वारा येईल म्हणून खिडक्याही बंद. टेबलाच्या एका बाजूला सायकलवाला, दुसऱ्या बाजूला सेंट लावून आलेला औषधवाला, मधे अधिकारीबाई. त्यांच्यापुढे एक भिंग, एक पट्टी आणि दहा पत्रिका पालथ्या.

"मी एकेक उलटवीन," बाई म्हणाल्या. "हरकत असेल तर तिथल्या तिथे बोला. पण एकदा नियम ठरला की तो दोघांनाही सारखा. मागाहून रडारड चालणार नाही."

पहिली पत्रिका उलटली. सायकलवाल्याच्या चौकोनात बरोबरची खूण होती, फक्त तिची शेपटी रेघेबाहेर गेली होती.

"मतदाराचा हेतू तर दिसतोय," बाई म्हणाल्या. "धरायला काही..."

"हरकत आहे!" सायकलवाला ओरडला.

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "अहो, मत तुम्हालाच आहे."

"असेना का! चौकोन छापलाय कशाला मग? बाहेर गेलं की बाद."

बाईंनी औषधवाल्याकडे पाहिलं. त्याला तर आंधळा मागतो एक डोळा अन् देव देतो दोन असं झालं होतं. "अगदी लाखमोलाचं बोलले! बाहेर गेलं की बाद," तो म्हणाला.

"ठरलं," म्हणत बाईंनी दुसरी पत्रिका उलटली. औषधवाल्याला मत, शेपटी बाहेर. तिसरी औषधवाल्याला, शेपटी बाहेर. चौथीही तशीच. त्याचे मतदार भलतेच सढळ हाताचे निघाले. तिन्ही बाद झाली आणि सेंटच्या वासात घामाचा वास मिसळू लागला.

पाचवी सायकलवाल्याची होती. खूण चौकोनात अगदी नेटकी, पण शेजारी लिहिलं होतं, 'शाबास!'

"हरकत! अक्षरावरून मत कोणाचं ते ओळखता येतं. लिहिलं की बाद."

औषधवाल्याने क्षणभर विचार केला. पण समोरचा आपणहून पायावर धोंडा पाडून घेत असेल तर आपण कशाला अडवायचं? त्याने मान डोलावली.

मग पुढच्या चार पत्रिका उलटल्या. चारही औषधवाल्याच्या आणि चारही लेखी. एकीवर 'खोकल्याचं औषध बदला', दुसरीवर 'ही शेवटची संधी', आणि उरलेल्या दोन्हींवर आदरपूर्वक नमस्कार.

"अहो, औषध बदला म्हणजे मत मलाच की!" औषधवाला उठून उभा राहिला.

"मघाशी मान कोणी डोलावली?" बाईंनी शांतपणे विचारलं आणि चारही बाद केल्या.

सायकलवाल्याला दरदरून घाम फुटला. करायला गेला गणपती आणि झाला मारुती! जितकं हरायला जावं तितकं जिंकणं घट्ट होत चाललं होतं. आता एकच पत्रिका उरली होती.

ती बाईंनी उलटवली. रेघ औषधवाल्याच्या चौकोनात सुरू झाली होती, पण थरथरत, वेडीवाकडी खाली उतरत पार कागदाच्या कडेपर्यंत गेली होती. हे मत धरलं असतं तर बरोबरी झाली असती, चिठ्ठी टाकावी लागली असती, आणि निम्मी का होईना, आशा उरली असती.

"बाई, हे धरा!" सायकलवाला कळवळून म्हणाला. "हात कापतोय हो त्याचा. कोणी म्हातारं माणूस असणार. रांगेत ताटकळून, एवढ्या कष्टाने मत दिलंय त्याने. ते असं फेकून द्यायचं?"

"धरा, धरा!" औषधवालाही ओरडला. दोन वैरी पहिल्यांदाच एका सुरात बोलत होते.

बाईंनी चष्मा काढून पुसला. "मलाही वाईट वाटतंय," त्या म्हणाल्या. "पण बाहेर गेलं की बाद, हे तुम्हीच दोघांनी ठरवलंत." त्यांनी सही केली आणि शिक्का मारला. टेबल हललं. मग त्या सायकलवाल्याला म्हणाल्या, "गप्प बसला असतात ना, तर मी सगळी धरणार होते. पाच मतांनी पडला असतात. स्वतःच्याच मतांवर हरकत घेणारा इतका प्रामाणिक माणूस मी पाहिला नाही!"

हे वाक्य दारातल्या शिपायाने बाहेर नेलं आणि ते सायकलवाल्याच्या आधी गल्लीत पोचलं. लोक हार घेऊन उभे होते. आता शब्द फिरवायचीही सोय राहिली नव्हती.

बाबा ओट्यावरच बसले होते. सायकलवाला त्यांच्या पायाशी टेकला.

"आलास निवडून?"

"आलो, बाबा. एका मताने."

"मग माझं धरलं नाही वाटतं," म्हातारा पुटपुटला. "मी औषधवाल्याला दिलं होतं."

"बाबा!"

"मग काय करू? तू बोललास की करतोस, ही तुझी लहानपणापासूनची खोड. म्हटलं, ओटा वाचवायचा तर तुला पाडलाच पाहिजे. पण हात हलला मेला. रेघ पार खाली घसरली."

सायकलवाल्याने तो कापणारा हात हातात घेतला. "त्या मतासाठी मी भांडलो, बाबा," तो म्हणाला. "तुमचं आहे हे ठाऊक नव्हतं, तरी भांडलो."

"माझ्या मतासाठी? म्हणजे त्या औषधवाल्यासाठी?" बाबांना असं हसू लोटलं की सुनेने आतून पाणी आणलं. पाणी पिऊन त्यांनी डोळे पुसले, उशी काखेत मारली आणि मुलाच्या खांद्याचा आधार घेऊन ओट्यावरून खाली उतरले.

"काढ तो मोठा हातोडा. आता मागे सरलास तर लोक तोंडात शेण घालतील."

"आणि तुम्ही कुठे निघालात?"

समोर औषधवाल्याच्या दुकानाचा ओटा होता. यांच्या दुप्पट रुंद, वर फरशी, वर सावली.

"त्याचा सगळ्यात शेवटी पाड," उशी सावरत बाबा रस्ता ओलांडू लागले. "तोवर मी तिथे बसतो. मत दिलंय मी त्याला, बसू तर देईल की!"