तार मेली की
वादळाने पोर्तो रिकोच्या डोंगरातल्या विजेच्या तारा लोळवल्या. मिग्दालियाच्या छतावरची सोलर पॅनल शाबूत होती, पण तिच्या नवऱ्याचं, नेरीचं, ऑक्सिजनचं यंत्र बंद पडलं.

"एवढं ऊन आहे, चालू कर ना रे!" तिने पॅनल बसवणाऱ्या एलियुदला विनवलं.

"मावशी, पॅनलची वीज घराला देणारा हा इन्व्हर्टर बॅटरीवर नाही, तारेतल्या विजेच्या तालावर चालतो. तार मेली की थांबतो. नाहीतर वीज उलटी तारेत जाऊन खांबावर तारा जोडणारी माणसं मरतील."

"आणि माझा माणूस?"

एलियुदने घराचं दार बिजागरीतून काढलं. त्याने आणि शेजाऱ्यांनी नेरीला त्यावर निजवलं. दवाखान्याच्या वाटेवर, तुटलेल्या पुलापाशी, नेरीचा श्वास थांबला.

तारा जोडणारे खांबांवरून उतरून खांदा द्यायला आले. मिग्दालियाने एकेकाचा चेहरा पाहिला आणि बाजूला सरून त्यांना जागा दिली.