सातवी ‘ब’मधला पंखा

मी पंखा बोलतोय. छताला टांगलेला, तीन पात्यांचा, साधा पंखा. सातवी ‘ब’च्या वर्गात मी एकोणीस वर्षं काढली. एवढ्या वर्षांत मला कुणी निरखून पाहिलं असेल तर ते कंटाळलेल्या मुलांनी. तास संपता संपत नसला की माझं एकच पातं डोळ्यांनी पकडून ठेवायचा त्यांचा खेळ चालायचा. जमलं नाही कधी कुणाला.

माझा जन्म कारखान्यातला. तिथे एक मावशी पाती तोलायच्या. तिन्ही सारख्या वजनाची निघाली तरच पुढे सोडायच्या. “हा थरथरणार नाही,” असं त्या शेजारणीला म्हणाल्या आणि मी खोक्यात बंद झालो. माझं कौतुक म्हणाल तर तेवढंच.

मी वर्गात आलो तेव्हा माझ्याखाली बेचाळीस मुलं होती. मग पन्नास झाली, साठ झाली, शेवटच्या वर्षी एकाहत्तर. बाकं तेवढीच राहिली. दोघांच्या बाकावर चौघं बसायची, कडेच्या मुलाचा एक पाय कायम बाहेर. भिंतीला टेकणाऱ्यांच्या पाठी चुन्याने पांढऱ्या व्हायच्या. मागच्या रांगांना माझा वारा पोचायचा नाही, आणि बहुतेक फळाही दिसायचा नाही.

वर्ग बाईंचा होता. बाई भाषा शिकवायच्या. उंचीने बेताच्या, पण आवाज असा खणखणीत की शेजारच्या वर्गातली मुलंही गप्प बसायची. शिक्षक संघटनेच्या त्या सचिव. मुलांसमोर त्यांनी संघटनेचा विषय कधी काढला नाही, पण मधल्या सुट्टीत एका हाताने डबा खात दुसऱ्या हाताने अर्ज लिहिताना मी त्यांना रोज पाहायचो.

त्यातले तीन अर्ज माझ्याबद्दल होते. माझ्यावरचा स्लॅब गळायचा. पाणी मुरून आतल्या सळ्या फुगल्या, गिलाव्याचे पोपडे पडू लागले आणि ज्या हुकाला मी लटकलो होतो तो गंजत चालला. मला ते सगळ्यांच्या आधी कळलं, कारण मी थरथरायला लागलो होतो. मग बाईंना कळलं. त्यांनी लिहिलं, ‘वर्गातील पंख्याचा हूक निकामी होत आहे. छताची तपासणी व्हावी.’ पहिल्या अर्जाला उत्तर आलं नाही. दुसऱ्याला आलं, ‘नोंद घेतली आहे.’

बाई तो कागद घेऊन हेडसरांना म्हणाल्या, “नोंद घेतली म्हणे. आता पंख्यालाच सांगते, नोंद झालीय बाबा, तू जरा धीर धर.”

हेडसर हसले नाहीत. ते वाईट नव्हते. वरून फोन आला की खुर्चीतून उठून उभ्यानेच बोलायचे, एवढंच. शिपाईमामा तर मला उतरवून ठेवायला तयार होते, पण सरकारी वस्तू लेखी हुकमाशिवाय हलवायची नाही, असं हेडसरांनी सांगितलं.

तिसऱ्या अर्जाच्या सुमारास गणिताचे नवे सर आले. तिशीचे, बारीक अंगाचे, अकरा महिन्यांच्या करारावर. पाच वर्षांतली ही त्यांची चौथी शाळा. वर्गावर त्यांचे रोज दोन तास असायचे, म्हणून बाईंनी अर्ज त्यांच्यापुढे धरला.

“बाई, माझी सही नको,” सर हळू आवाजात म्हणाले. “नवा करार द्यायचा की नाही ते हेडसरांच्या शेऱ्यावर आहे. घरी बायकोला सातवा महिना लागलाय.”

“मी जबरदस्ती करत नाही.”

“चिडलात तुम्ही.”

“तुमच्यावर नाही हो,” बाई म्हणाल्या, आणि एकटीच्या सहीने अर्ज पाठवला.

यावरून कुणी सरांना भित्रा म्हणेल. मी म्हणणार नाही. दुसऱ्या दिवशी ते शाळा भरायच्या आधी आले, माझ्याखालची बाकं ओढून बाजूला केली आणि फरशीवर खडूने माझ्या घेराएवढं वर्तुळ काढलं. मुलांना म्हणाले, “ह्याच्या आत कुणी बसायचं नाही. ही गणिताची जागा आहे.” मुलांनी ते खेळासारखं पाळलं. रोज झाडू फिरला की वर्तुळ पुसायचं आणि रोज सर ते पुन्हा काढायचे. माझं बटण तेही बंद ठेवायचे, बाईही. उकडलं की मुलं वहीने वारा घ्यायची.

त्याच वर्षी सरकारने शाळांसाठी नवा कायदा आणायचं ठरवलं. मला ते संघटनेच्या सभेत कळलं. सभागृह मिळालं नाही म्हणून शाळा सुटल्यावर सभा आमच्याच वर्गात भरली. चाळीसेक शिक्षक लहान मुलांच्या बाकांवर गुडघे छातीशी घेऊन बसले होते. बाईंनी मसुदा वाचून दाखवला. यापुढे कायम नेमणूक नाही, सगळे करारावर. एका वर्गात मुलं किती असावीत याची मर्यादा रद्द. आणि शाळेच्या इमारतीबद्दल शिक्षकाने बाहेर वाच्यता केली तर तो शिस्तभंग.

“म्हणजे छत डोक्यावर आलं,” विज्ञानाचे म्हातारे सर म्हणाले, “तर मुलांना सांगायचं, वर्गात छान ऊन आलंय.”

सगळे हसले. मग हसू विरलं आणि एकेक जण माझ्याकडे बघू लागला.

बेमुदत संपाला हात वर झाले. गणिताचे सर मागे दाराशी उभे होते. सभा पांगल्यावर बाई त्यांच्याकडे गेल्या.

“करारावरच्यांनी संपात यायचं नाही. पहिल्याच दिवशी काढतील तुम्हाला. तुम्ही वर्ग घ्या. कुणी फितूर म्हणणार नाही, ते मी बघते.”

“तुम्ही सगळे रस्त्यावर आणि मी इथे. बरं वाटत नाही.”

“बरं कुणालाच वाटत नाहीये, सर.”

संप सुरू झाला. फाटकापाशी चाललेल्या घोषणा खिडकीतून आत यायच्या. त्यात बाईंचा आवाज मी ओळखायचो. चौथ्या दिवशी तो बसला, तरी ऐकू येत राहिला. शाळेत करारावरचे दोघेच उरले होते, म्हणून तीन वर्गांची मुलं सरांकडे आमच्या एका खोलीत कोंबली. दीडशेच्या वर पोरं. खडूचं वर्तुळ मोकळं ठेवायला जागाच उरली नाही. सरांनी थोडा वेळ विचार केला, मग आपलं टेबल आणि खुर्ची ओढत माझ्याखाली आणली.

“आता इथे मी बसणार,” ते म्हणाले.

नवव्या दिवशी दुपारी शिक्षण खात्याचे साहेब आले. संप असूनही शाळा चालू आहेत हे दाखवायचं होतं, त्यामुळे सोबत फोटोवाला होता. मागे हेडसर. दोन मुलींच्या हातात वह्या देऊन त्यांना सरांच्या टेबलाशी उभं केलं. तेवढ्यात साहेबांचं लक्ष वर गेलं.

“पंखा का बंद? फोटोत मुलं घामाघूम दिसतील. लावा.”

सर उठून उभे राहिले. “साहेब, तो आवाज फार करतो. मुलांचं लक्ष जातं.”

एवढंच बोलले. कायदा अजून पास व्हायचा होता, पण सरांचा करार होताच. त्यांनी हेडसरांकडे पाहिलं. तिसरा अर्ज पुढे न जाता हेडसरांच्या खणातच पडून होता. त्यांनी एक वाक्य बोलायचं होतं. ते खिडकीबाहेर बघू लागले.

साहेबांनी स्वतःच बटण दाबलं.

मी फिरू लागलो. वीज आली की मला दुसरं काय येतं? फोटो निघाले. “बघा, कुठे आहे आवाज?” असं म्हणून साहेब वर्गाबाहेर पडले. सर बटणाकडे धावले नाहीत. त्यांनी आधी त्या दोन मुलींना दंडाला धरून बाजूला ढकललं. तेवढ्यात हूक तुटला.

मी सरांच्या उजव्या खांद्यावर आणि मानेवर पडलो. धुरळा उडाला. बाहेर घोषणा चालूच होत्या. मुलांचा आक्रोश ऐकून त्या थांबल्या. बाई फाटक ओलांडून धावत आल्या, खाली बसल्या, सरांचं डोकं दोन्ही हातांनी धरून ठेवलं.

“हलू नका. बोलू नका.”

“मुलींना लागलं का?”

“नाही.”

पुढचं मला ऐकून माहीत आहे. सर वाचले, पण खांद्याची नस तुटली. उजवा हात छातीच्या वर जात नाही. ते दवाखान्यात असतानाच त्यांना मुलगी झाली. त्यांना कुणी कामावरून काढलं नाही. करार तेवढा संपू दिला. बाईंनी दुसऱ्याच दिवशी तिन्ही अर्जांच्या प्रती वर्तमानपत्राला दिल्या, त्यावरून त्या निलंबित झाल्या. संप आणखी सोळा दिवस चालला आणि मोडला. कायदा पास झाला. वाच्यता करू नये हे कलम तेवढं सरकारने गाळलं. त्यावर विज्ञानाचे सर म्हणाले होते, “बोलायला मोकळीक मिळाली. आता नोकरीत राहून बोलेल असा कोण उरलाय?”

मी सध्या कोर्टाच्या कोठारात आहे. माझ्या दांडीला चिठ्ठी बांधलीय, कारण मी पुरावा आहे. पंखा कुणी लावला ते आठवत नाही, असं साहेबांनी लिहून दिलंय. करारावरच्या शिक्षकाला बंद ठेवायला बजावलं होतं, असं हेडसरांनी. तारखा पडताहेत. एकदा मला ओळखायला सर आणि बाई दोघांना बोलावलं होतं. सरांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि कारकुनाला म्हणाले, “हाच.”

मग कारकून कागद आणायला गेला, तेव्हा ते म्हणाले, “बाई, मी तेव्हा सही करायला हवी होती.”

“दोन सह्यांनी हूक बदलला असता, असं वाटतं तुम्हाला?”

“नाही. तरी करायला हवी होती.”

बाई म्हणाल्या, “हो. मलाही तसंच वाटतं.”

मला वाटतं, सरांना तेच ऐकायचं होतं. इतके दिवस सगळे त्यांची समजूत घालत होते.

माझी दोन पाती वाकलीत. मी आता फिरणार नाही, कुणी फिरवूही नये. निकाल लागला की भंगारात जाईन, त्याचं काही नाही. पण सातवी ‘ब’ अजून भरते. शिपाईमामा साक्षीला आले होते तेव्हा सांगत होते, तिथे नवा पंखा लावलाय. हूक नवा, स्लॅब तोच. खाली अठ्ठ्याहत्तर मुलं, आणि नव्या बाई, अकरा महिन्यांच्या करारावरच्या.

तुमचं मूल अशा एखाद्या वर्गात बसत असेल तर एक दिवस वेळ काढून तिथे जा. बाईंना विचारा, छत कसं आहे. त्या ‘ठीक आहे’ म्हणाल्या, तर लगेच निघू नका.