काढता येणारे दात

देवाजीनं गावच्या शिवेवरच्या मोहाच्या झाडाखाली बैलगाडी थांबवली आणि मागं वळून आईपुढे हात पसरला.

"काढ माय. इथीच काढ."

सुगंधाबाई फुटाणे चावत होती. वरोऱ्यापासून तिचं तोंड थांबलं नव्हतं, आणि का थांबावं? कैक वर्षं बिचारीनं भाकर पाण्यात कालवून गिळली होती.

गावात बैलांवर रोग आला तेव्हा चेटकाचा आळ आला सुगंधाबाईवर, एकट्या विधवेवर. चेटकिणीचे पुढचे दात पाडले की तिचा मंत्र तुटतो, अशी इकडची समजूत. दगड उचलला होता गुणवंतराव पाटलांनी. आईचे मातीत पडलेले दात लहानग्या देवाजीनं वेचले. पाटील वळूनही न बघता निघून गेले. पुढं इंग्रज गेला, निवडणूकही झाली, पण समजूत जागच्या जागी. आईच्या तोंडात दात दिसले तर गाव पुन्हा दगड उचलणार, हे देवाजीला पक्कं ठाऊक होतं.

म्हणून तर वरोऱ्याला दात बसवणारा लियाकत सोन्याच्या तारेनं कायमचे बांधून देतो म्हणाला, तेव्हा देवाजीनं ते साफ नाकारलं. काढ-घाल करता येणारी पट्टीच घेतली. घरात जेवताना लावायची, बाहेर निघताना काढायची. तेव्हा आईनंही मान डोलावली होती. आता मात्र ती ऐकेल तर शपथ.

"माय, पाया पडतो तुया."

तेवढ्यात तळ्याच्या पाळीवरून माणसं उतरली. पुढं गुणवंतराव, आता पार थकलेले. सुगंधाबाईचे दात दिसताच एकजण दचकून मागं सरला, दुसऱ्यानं काठी सावरली. देवाजी उडी टाकून मधे आडवा आला, पण आईनं त्याला बाजूला सारलं. ती खाली उतरली, पाटलांसमोर गेली, तोंडात बोटं घातली आणि पट्टी काढून त्यांच्या तळहातावर ठेवली.

"आता दगड नाई लागत, गुणवंतभाऊ. असेच निघतेत."

पाटलांच्या हातात दात ओले, कोमट होते. त्यांना ते टाकवेनात आणि मूठही मिटवेना. मग मान खाली घालून त्यांनी हात तिच्यापुढे केला.

सुगंधाबाईनं दात घेतले नाहीत.

"धुऊन द्या," ती म्हणाली.

काठीवाला पाटलांच्या तोंडाकडे बघत राहिला. गुणवंतरावांनी एका हातानं धोतर सावरलं आणि ते पाण्याकडे निघाले.