मेहुण्याचे सहा खिळे

माझ्या मेहुण्याने आयुष्यात एकही काम शेवटास नेलेले नाही, हे विधान मी पूर्ण जबाबदारीने करीत आहे. जुन्या खुर्च्यांना नवी गादी व कापड बसविण्याचे माझे दुकान आहे. त्यात तो वयाच्या एकतिसाव्या वर्षी तात्पुरता म्हणून आला आणि चार वर्षे तात्पुरताच राहिला. दुकानामागील आमच्या दोन खोल्यांपैकी मोठी त्याने व्यापली. सबब मी व माझी पत्नी चुलीशेजारी निजू लागलो. खुर्चीच्या तीन बाजू ठोकून झाल्या की हा गृहस्थ चहास जाई, आणि चौथी बाजू माझ्या नशिबी येई. गिऱ्हाइके त्यास 'उद्याराव' म्हणत. त्यात आपला काही उपमर्द होत आहे, हे त्यास कधी उमगले नाही.

अशा इसमास परदेशातील एका हॉटेलाने नोकरी देऊ केली! अट एकच: फ्रेंच भाषेची तोंडी परीक्षा. आमच्या दुकानाच्या माडीवरच एक मास्तर त्या भाषेचा वर्ग चालवीत. मी त्यास तत्काळ वर धाडले. माझा हेतू निर्मळ नव्हता. मला माझी खोली परत हवी होती.

तीन महिने बरे गेले. मग व्याकरणातील एका काळापाशी त्याची गाडी रुतली.

"हा कसला काळ म्हणे?" मी विचारले.

"पुढं एखादी वेळ येणार असते, भाऊजी. तिच्या आधीच काम उरकलेलं असेल, असं सांगायचा काळ. 'फिनीर' म्हणजे संपवणं. मास्तर म्हणतात, एकदम सरळ क्रियापद आहे."

"आणि हे तू सांगणार? काम उरकलेलं असेल म्हणून? त्या भाषेची काय अब्रू राहील!"

"ताई, बघ ना गं हे कसे बोलतात!"

"अहो, शिकू द्या की त्याला," पत्नी आतून कडाडली. "स्वतः सातवीला दोनदा बसलात ते विसरलात वाटतं!"

त्या काळाची सहा रूपे होती: मी, तू, तो, आम्ही, तुम्ही, ते. सहा ओळी पोपटासही आठवड्यात येतात. या विद्वानास येईनात. अखेर एक योगायोग घडला. स्टुलाच्या एका बाजूस आम्ही सहा बारीक खिळे मारतो. खिळे ओठांत धरायचे, एकेक काढायचा आणि ठोकायचा, ही आमच्या धंद्याची रीत. एके दिवशी ठोकता ठोकता तो पुटपुटू लागला. ठक्, "झोरे फिनी." ठक्, "त्यू ओरा फिनी." ठक्, "इल ओरा फिनी." सहाव्या खिळ्यास सहावे रूप अचूक निघाले! तेव्हापासून तो हातोडीवाचून पाठ करीना. मी बजावले, "अरे, परीक्षेत हातोडी देणार आहेत का तुला?" तो म्हणाला, "तेव्हाचं तेव्हा बघू, भाऊजी." उद्यारावच तो.

परीक्षेच्या सकाळी परीक्षक बाई माडीवर आल्या आणि बसताक्षणीच खुर्चीची बैठक त्यांच्याखाली फाटली. मास्तर धावत खाली आले. मी अवजारे घेऊन वर गेलो आणि दाराबाहेरच्या सज्जात ती खुर्ची घेऊन बसलो. बाईंनी बाकावर बसूनच परीक्षा सुरू केली.

नाव, गाव, हॉटेलातील पाहुण्याचे स्वागत, सारे त्याने बरे सांगितले. मग बाईंनी नेमका तोच काळ विचारला. दारातून मला त्याचा हात दिसत होता. तो रिकामी मूठ हवेत वरखाली करीत होता.

"येत नसेल तर तसं सांगा," बाई म्हणाल्या. "याच्याशिवाय मी पास करू शकत नाही."

माझ्या डोळ्यांपुढे चुलीजवळची माझी वळकटी उभी राहिली, आणखी चार वर्षांची. खिळे ओठांत असल्यामुळे मला बोलणे अशक्य होते. मी एक काढला व ठोकला. ठक्.

"झोरे फिनी," आतून आवाज आला.

ठक्. ठक्. सहा खिळ्यांत सहा रूपे पूर्ण झाली.

"आता 'शाँते' घ्या, गाणं म्हणणं," बाई म्हणाल्या.

बैठकीची ती बाजू संपली होती. मी दुसरीकडे वळलो. पुनश्च सहा. बैठक त्या दोनच बाजूंनी फाटली होती. बाईंनी तिसरे क्रियापद दिले, तेव्हा चांगल्या लाकडात विनाकारण खिळे मारताना माझ्यातील कारागिराची मान शरमेने खाली गेली.

"काय हो, किती ठोकताय?" बाईंनी दाराकडे पाहून विचारले.

मी खिळे हातात घेतले. "बाई, माल जुना आहे. ढिलाच निघतो."

बाईंनी त्याच्या मुठीकडे पाहिले, माझ्या हातोडीकडे पाहिले, आणि कागदावर सही केली.

पंधरवड्यात तो गेला. जाताना म्हणाला, "भाऊजी, ते स्टूल तेवढं जायच्या आत संपवणार होतो." स्टुलाच्या तीन बाजू ठोकलेल्या होत्या.

खोली माझी झाली. दुसऱ्या दिवशी मी ते स्टूल पुढ्यात ओढले, सहा खिळे ओठांत धरले आणि पहिला ठोकला. तोंडातून आपोआप निघाले, "झोरे फिनी." पत्नी हातातील भांडे टाकून बाहेर धावली. तिला वाटले, भाऊ परत आला. मला पाहून ती दारातच थबकली, आणि पदर डोळ्यांस लावून आत गेली.

उरलेले पाच खिळे मी मुकाट्याने ठोकले.