पहिलं पान नानांचं, शेवटचं शेखरचं

माझं नाव 'पांझराकाठ'. नाशिकच्या सिडकोत दर शुक्रवारी सकाळी दारोदार पडणारा मी एक साप्ताहिक पेपर. पानं फक्त चार, पण रुबाब विचारू नका! मोठ्या दैनिकांना अख्खं जग सांभाळावं लागतं. मला एकच काम: धुळे-साक्रीकडून, पांझरा नदीच्या काठावरून उठून नाशिकला आलेल्या माणसांना एकमेकांची खबर देणं.

माझा जन्म एका 'शे'पायी झाला. मला काढणारे भिकननाना तेव्हा तरुण होते, गाव सोडून नुकतेच अंबडच्या एका कारखान्यात लागले होते. एकदा कोपऱ्यावरच्या दुकानात त्यांनी आपल्या अहिराणीत विचारलं, "दादा, साखर शे का?"

दुकानदार हसला. "आधी 'आहे' म्हणा, मग देतो."

बाकीची गिऱ्हाइकंही हसली. नाना साखर न घेताच घरी आले, बिनसाखरेचा चहा प्याले आणि बायकोला म्हणाले, "आपला एक पेपर पाहिजे. त्यामा 'शे' छापसूत!"

अशी रागातून जन्मलेली लेकरं जरा हट्टीच असतात. मीही तसाच निघालो.

सुरुवातीला मला राजकारण कळत नव्हतं. कोण वारलं, कुणाची सोयरीक जुळली, भरताची वांगी कुठे चांगली मिळतात, एवढ्यावर माझी पानं भरायची. मग नानांच्या कारखान्याला टाळं लागलं. मोठ्या पेपरांत त्याची ओळसुद्धा आली नाही. नानांनी माझं पहिलं पान कामगारांना देऊन टाकलं. गेटवर एकजण मला हातात धरून मोठ्यानं वाचायचा आणि बाकीचे माना डोलवायचे. पुढे कारखाना सुरू झाला. ते टाळं माझ्यामुळेच उघडलं, असं नाना आजही मानतात. मला स्वतःला शंका आहे, पण बापाचा भ्रम लेकरानं कशाला मोडावा?

त्या दिवसांत जो पक्ष गेटवर येऊन उभा राहिला, तो नानांचा पक्ष झाला. आणि नानांचा, म्हणून माझाही.

पण घरात दुसरं लेकरू मोठं होत होतं. शेखर, नानांचा मुलगा. तो कॉम्प्युटर शिकला, माझी पानं लावू लागला, जाहिराती आणू लागला आणि एक दिवस बापाच्या विरुद्ध पक्षात गेला. घरात चार दिवस अबोला. पाचव्या दिवशी शुक्रवार होता आणि पेपर तर निघायलाच हवा होता. शेवटी वाटणी ठरली, ती शेताची किंवा घराची नव्हे, माझी! पहिलं पान नानांचं, शेवटचं शेखरचं.

तेव्हापासून माझी अवस्था काय सांगू? एकाच अंकात एकच पुढारी पहिल्या पानावर 'जनतेचा लुटारू' आणि चौथ्या पानावर 'विकासाचा महामेरू'. वाचणारेही हुशार. नानांच्या पक्षाचे लोक मला पहिलं पान वर ठेवून घडी घालतात, शेखरच्या पक्षाचे उलटी. टपरीवर मला नुसतं टेबलावर पडलेलं पाहून कोण कुणाचा ते ओळखता येतं.

दुसऱ्या पानावर जाहिराती असतात. आणि तिसरं पान आहे शेखरच्या बायकोचं, उज्वलाचं. ती देवळ्याची. लग्नं, वाढदिवस, श्रद्धांजली, आमच्या कानबाई देवीचा उत्सव, सगळं तिच्याकडे. बापलेक त्या पानाला 'बायकांचं पान' म्हणतात आणि कधी वाचत नाहीत. मी मात्र दर शुक्रवारी पाहतो ना, दारात पडल्यावर मला उचलून लोक आधी कुठलं पान उघडतात ते! पण पुढाऱ्यांना हे कोण सांगणार? ते घरी यायचे, शेवभाजी ओरपायचे आणि म्हणायचे, "नाना, तुमचा पेपर म्हणेल तिकडे अख्खा खान्देशी समाज जातो!" नानांची छाती फुगायची. खरं सांगतो, माझीही फुगायची. कागदाला फुगायला कितीसा वारा लागतो?

कितीतरी वर्षांनी महापालिकेची निवडणूक लागली. आमच्या प्रभागातल्या एका जागेसाठी दोघांत झुंज होती. एक महेश. आपल्याच साक्रीकडचा, आपल्याच समाजाचा, पण शेखरच्या पक्षाचा. दुसऱ्या सुमनबाई. मूळच्या नाशिकच्या, आणि नानांच्या पक्षाच्या.

शेखरनं मागच्या पानावर मथळा दिला: 'आपलं मत आपल्याच माणसाला'. नानांनी पुढच्या पानावर उत्तर दिलं: 'माणूस गावाचा नको, कामाचा हवा'. जेवताना दोघं एकाच ताटलीतून ठेचा घ्यायचे, पण एकमेकांकडे बघायचे नाहीत.

नेमक्या त्याच दिवसांत कॉलनीतल्या मैदानाच्या कडेला एक पाटी उभी राहिली: 'नियोजित व्यापारी संकुल'. कुणी लावली, कुणालाच ठाऊक नाही. हे मैदान म्हणजे आमच्या लोकांचं गावच. श्रावणात कानबाईची मिरवणूक तिथूनच निघते. संध्याकाळी बायका तिथे बसून अहिराणीत पोटभर बोलतात, आणि 'आहे म्हणा' असं सांगायला तिथे कुणी येत नाही.

उज्वलानं जेवताना विचारलं, "नाना, मैदानाबद्दल काही लिहिणार का?"

"सुमनबाई निवडून आल्या की बघतीलच," नाना म्हणाले.

"महेशभाऊ आला की बघेलच," शेखर म्हणाला. कितीतरी महिन्यांनी दोघांचं एकमत झालं, आणि तेही काहीच न लिहिण्यावर.

 गुरुवारी दुपारी उज्वलानं आपल्या पानावर मधोमध एक चौकट आखली. वर अहिराणीत एवढंच: 'आपलं मैदान ऱ्हाई का जाई?' खाली दोन रकाने, एक महेशच्या नावाचा, एक सुमनबाईंच्या. दोन्ही उमेदवारांना तिनं फोन केला. दोघंही 'सविस्तर बोलू' म्हणाले. तिनं रकाने कोरे सोडले आणि खाली लिहिलं, 'उत्तर आलं नाही'.

शेखरनं पान पाहिलं आणि डोक्याला हात लावला. "एवढी जागा कोरी? लोक म्हणतील छपाई चुकली!"

नाना तर ताडकन उठले. "मना पेपर शे हाऊ! आपल्याच उमेदवाराला अडचणीत आणतेस?"

"पहिलं पान तुमचं, शेवटचं ह्यांचं," उज्वला शांतपणे म्हणाली. "तिसरं माझं आहे ना? मी तुमच्या पानांत कधी हात घातला?"

या वाटणीवर दोघांनीच सही केल्यासारखी होती.  मी तसाच छापखान्यात गेलो. पोटात दोन भोकं पडल्यासारखं वाटत होतं. इतकी वर्षं शाईनं गच्च भरून फिरलो, आणि आज हे उघडंबोडकं अंग घेऊन लोकांपुढे जायचं!

शुक्रवारी गंमत झाली. टपरीवर माझी घडी कुणी पुढून घातली नाही की मागून. सगळीकडे तिसरं पान वर. दुपारपर्यंत त्या चौकटीचा फोटो मोबाइलवरून अंबडच्या शिफ्टमध्ये पोचला.

संध्याकाळी त्याच मैदानावर सुमनबाईंची सभा होती. नाना पुढच्या खुर्चीत. सुमनबाईंनी "माझ्या खान्देशी बंधुभगिनींनो" म्हटलं, तोच धोंडाबाई उठल्या. कॉलनीत पहिल्यापासून राहणाऱ्या, कानबाईच्या गाण्यांत सगळ्यांच्या पुढे असणाऱ्या धोंडाबाई. त्यांनी मला दोन्ही हातांत उंच धरलं.

"बाई, भाषण मागून करा. पहिले हाई कोरी जागा भरा. मैदान ऱ्हाई का जाई?"

मागून बायकांचा आवाज उठला, "ऱ्हाई का जाई?" सुमनबाईंनी नानांकडे पाहिलं. नानांनी चपलेकडे पाहिलं. मग सुमनबाई खाली आल्या, पेन मागितलं आणि धोंडाबाईंच्या हातातल्या माझ्यावरच लिहिलं, 'मैदान राहील'. खाली सही.

दुसऱ्या दिवशी महेशच्या सभेत तेच. त्यानं तर अहिराणीत लिहिलं, 'ऱ्हाई म्हणजे ऱ्हाई!' आपला माणूस ना!

थोड्या मतांनी सुमनबाई निवडून आल्या. नाना म्हणाले, पहिल्या पानानं जिंकलं. शेखर म्हणाला, मागच्या पानामुळेच हार एवढी थोडक्यात राहिली. उज्वलाकडे त्या आठवड्यात लग्नं फार होती.

सुमनबाईंनी पाटी काढली, फोटोही काढले. आणि थोड्याच आठवड्यांत मैदानाभोवती बांधकामाचे पत्रे उभे राहू लागले. नानांनी बाईंना फोन केला तर पलीकडून उत्तर, "नाना, जरा दमानं घ्या. बांधणारी आपलीच माणसं आहेत."

त्या दुपारी नाना कोऱ्या कागदापुढे बराच वेळ बसून होते. ज्या पक्षासाठी त्यांनी मला आयुष्यभर पुढे केलं, त्याच्याविरुद्ध एक ओळ मी कधी छापली नव्हती. शेवटी त्यांनी लिहिलं: 'सुमनबाई, सही केलेलं मैदान कुठे आहे?' कागद शेखरपुढे ठेवला आणि खिडकीबाहेर बघत उभे राहिले.

शेखर खूश होऊन काहीतरी बोलेल, असं मला वाटलं.  पण त्यानं मथळा पानभर मोठा केला.

"इतला मोठा?" नानांनी वळून विचारलं.

"तुमच्या पक्षवाल्यांना बारीक अक्षर दिसत नाही, नाना."

नाना हसले. मग शेखरही.

त्या अंकानंतर निम्मे पत्रे उतरलेत. उरलेल्यांसाठी मी दर शुक्रवारी जातोच आहे. तेव्हा वाचकहो, मला दारातून उचलाल तेव्हा मी कुणाचा, डावा की उजवा, हे खुशाल ताडा. पण तेवढ्यावर माझी घडी घालून मला कपाटात अंथरू नका. तुमच्या गल्लीत काय चाललंय ते आधी मला कळवा. मी चार पानांचा आहे, पण जागा करीन.

काल सुमनबाईंचा फोन आला होता. आवाज इतका चढलेला, की टेबलावर पडल्या पडल्या मलाही ऐकू आला. "नाना, एकदा स्पष्ट सांगा, हा पेपर आमचा की त्यांचा?"

"बाई," नाना म्हणाले, "आते तो मैदानना शे."

आणि त्यांनी फोन ठेवला. उज्वला लग्नाचे फोटो लावण्यात गुंतली होती. शेखर उठला आणि, या घरात पहिल्यांदाच, चहा टाकायला स्वतः आत गेला.