ताईच्या वाफ्यातली माती

“या मातीत शिसं किती मिसळलं होतं आपण?” प्रयोगशाळेतल्या नव्या मॅडमनी विचारलं.

“दहा लाखांत शंभर भाग.”

“आणि यंत्र काय दाखवतंय?”

“चाळीस,” मी म्हणालो आणि स्टुलावर बसलो.

मातीची वडी दाबायची, तिच्यावर लेसर मारायचा, ठिणगीच्या उजेडात शिशाची रेघ शोधायची. एवढ्यावर माझी एकवीस वर्षं गेली. मात्र आमच्या यंत्राचं माप पहिल्यापासून वाळूच्या वड्यांवरून ठरवलेलं. वाळू बिचारी गरीब, असेल तेवढं शिसं दाखवते. काळी चिकण माती ते दाबून ठेवते. माझ्या मुलीच्या वयाच्या मॅडमनी दोन महिन्यांत हे पकडलं.

“तुमची चूक नाही, दादा. पद्धतच तशी होती.”

पद्धतीला बहीण नसते, मला आहे. सहा वर्षांपूर्वी ताईने परसातली माती पुडीत बांधून आणली होती. घराला लागून बॅटरीचा बंद कारखाना, म्हणून तिला शंका. मी तपासून छातीठोकपणे सांगितलं होतं, बिनधास्त भाजी लाव. त्या मातीची वडी अजून माझ्या खणात होती. जेवणाच्या सुट्टीत नव्या मापाने मोजली. शिसं मर्यादेच्या दुप्पट निघालं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. डबा तसाच घरी परत नेला.

संध्याकाळी ताईकडे गेलो तेव्हा ती परसात पालक काढत होती, माझ्याचसाठी. मी उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं.

“तू तर माती चांगली आहे म्हणाला होतास,” ती हातातला पालक खाली ठेवत म्हणाली.

“चुकलं माझं.”

“माझी नात, आपली छकुली, हाच पालक खाऊन पाच वर्षांची झाली रे. शेजाऱ्यांनाही वाटत आले मी. माझ्या भावाने तपासलीय माती, असं सांगून.”

“उद्या छकुलीचं रक्त तपासून घेऊ. मी येतो बरोबर. शेजाऱ्यांनाही मीच सांगतो.”

“नको. माझ्या शब्दावर घेतला त्यांनी. मी सांगेन.”

तिने चार शब्द सुनावले असते तर मला बरं वाटलं असतं. ती नुसती वाफ्यात बसली. मीही बसलो आणि आम्ही रोपं उपटायला लागलो. गुडघे दोघांचेही कुरकुरत होते. उजेड होता तोवर वाफा रिकामा झाला.

वळून पाहिलं, तर ताईने सवयीने मुळांची माती झटकून जुड्या बांधल्या होत्या. एकसारख्या, ओळीने मांडलेल्या. तिच्याही ते तेव्हाच लक्षात आलं. मग ती परत खाली बसली आणि एकेक जुडी सोडू लागली.