बाराच्या आत

आमचे भाऊजी, म्हणजे ताईचे यजमान, खुर्च्या आणि मोठी पातेली भाड्याने देतात. सामान दुपारी बाराच्या आत परत आलं नाही, तर आणखी एका दिवसाचं भाडं. बारा वाजून दोन मिनिटांनी धापा टाकत आलेल्या माणसालाही त्यांनी कधी सोडलं नाही. मलासुद्धा नाही, आणि मी सख्खा मेहुणा.

हृदयविकाराच्या झटक्यानंतर त्यांना अतिदक्षता विभागात ठेवलं होतं. जीव वाचला. बोलता यायला लागल्याबरोबर त्यांनी विचारलं काय, तर इथे दिवस कधीपासून कधीपर्यंत धरतात. कुणा शहाण्यानं सांगून टाकलं, बारा ते बारा. तो शहाणा मीच.

झालं. समोरच्याच भिंतीवर घड्याळ. साडेदहापासून भाऊजींची नजर त्यावरून हलेना. डॉक्टर साडेअकराला येत, आणि नेमके तेव्हाच नाडीचे ठोके एकशे तीसवर. डॉक्टर म्हणत, अशा अवस्थेत हलवता येणार नाही, आणखी एक दिवस इथेच. इथला एक दिवस म्हणजे आपल्या सगळ्या खुर्च्यांचं महिन्याचं भाडं, हा हिशेब भाऊजींनी मला सुई टोचलेल्या हातानं करून दाखवला. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. दुपारी एकला मात्र ठोके पंचाहत्तर, कारण तोवर पैसे गेलेले असत. डॉक्टर चक्रावले होते. मला भाऊजींचा संताप येत होता आणि भीतीही वाटत होती, की हा माणूस बिल वाचवता वाचवता जायचा.

चौथ्या दिवशी सकाळी भाऊजींना डुलकी लागली, तशी ताई सिस्टरशी काहीतरी कुजबुजली. भाऊजी त्या सिस्टरला रोज कापसाच्या बोळ्याचा भाव विचारत, त्यामुळे तिनं लगेच मान डोलावली. ताई स्टुलावर चढली आणि तिनं घड्याळ एक तास पुढे केलं. स्टूल मी धरलं होतं, कारण ती पडली असती तर आणखी एक खाट लागली असती.

भाऊजी जागे झाले. घड्याळात बारा वाजून गेले तरी डॉक्टरांचा पत्ता नाही. गेला आजचाही दिवस, असं पुटपुटून ते कुशीवर वळले आणि घोरायला लागले. अर्ध्या तासानं डॉक्टर आले. ठोके चौऱ्याहत्तर. यंत्र बिघडलं नाही ना याची दोनदा खात्री करून त्यांनी कागदावर सही केली. खऱ्या बाराला पाच मिनिटं कमी असताना भाऊजी जनरल वॉर्डात पोचले.

तिथे ताईनं त्यांना सगळं सांगून टाकलं, तिच्या पोटात काही राहत नाही. भाऊजी भडकले. वेळेच्या बाबतीत त्यांना आजवर कुणी फसवलं नव्हतं.

"अहो, पैसे परत मिळवता येतात," ताई म्हणाली. "तुम्ही गेला असतात तर मी काय केलं असतं?" आणि चार दिवस दाबून ठेवलेलं रडू तिला आवरेना.

भाऊजींनी तिचा हात धरला. त्यांचेही डोळे भरून आले. मी आपला खिडकीबाहेर बघत राहिलो.

"पण काय गं," शेवटी ते हळूच म्हणाले, "हे तुला परवा का नाही सुचलं?"